शरदातली इटली: डोंगरावरची जुनी गावं स्वतःच्या पायांनी बघायची असतील तर

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा ही इटलीची ठरलेली चौकडी. त्यासाठी कुणाच्या सल्ल्याची गरज नाही, कुठलीही सहल कंपनी ती आठ दिवसांत दाखवून आणते. हा लेख त्यापुढच्यांसाठी आहे. म्हणजे ओर्व्हिएतो, पेरूजा, असिसी, सिएना, बोलोन्या, राव्हेन्ना अशी मधल्या आकाराची जुनी शहरं स्वतः आखणी करून, रेल्वेने फिरून, तिथल्या इमारती सावकाश बघायच्या आहेत अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शरदात इटलीतला दिवस आखूड असतो, आणि त्या आखूड दिवसातही चर्चेस आणि संग्रहालयं दुपारी मध्येच बंद होतात. त्यामुळे गावांची यादी जितकी लांब, तितकं पदरात कमी पडतं. गावं कमी घ्या आणि प्रत्येक गावात रात्र काढा. सकाळी बसने येऊन संध्याकाळी परत जाणारी गर्दी गेल्यावर ही गावं पुन्हा तिथल्या माणसांची होतात, आणि तेव्हाच ती बघण्यासारखी असतात.

१. आधी महिना ठरवा

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. द्राक्षांची तोडणी चालू असते, टस्कनीत दुपारी २० अंशांच्या आसपास सुखाची हवा असते आणि सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. सिएनाच्या कॅथीड्रलची नक्षीदार संगमरवरी फरशी वर्षातला बराच काळ झाकलेली असते. ती उन्हाळ्यात काही आठवडे आणि मग ऑगस्टच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी ठेवतात. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात, त्या बघूनच सिएनाचे दिवस ठरवा.

आपल्याकडचे बहुतेक लोक मात्र दिवाळीच्या सुट्टीत निघतात, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर. त्यात वाईट काही नाही, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो आणि संध्याकाळ एका रात्रीत तासभर अलीकडे येते. १ नोव्हेंबरला पाच वाजून गेले की सूर्य मावळलेला असतो. मनोरे, बागा, उघड्यावरचे अवशेष यांचं हिवाळी वेळापत्रकही याच सुमाराला लागू होतं.

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. तिला शनिवार-रविवार जोडून इटालियन कुटुंबं स्वतःच फिरायला बाहेर पडतात, त्यामुळे खोल्या महाग होतात. त्याच दिवसांत लुक्का गावात कॉमिक्स आणि खेळांचा प्रचंड मोठा मेळा भरतो. एरवी शांत असलेल्या लुक्कात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. वेशभूषा केलेली तरुण मंडळी बघायची हौस नसेल तर तो आठवडा लुक्का टाळा. असिसीसाठी अशीच तारीख ४ ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिसचा उत्सव.

नोव्हेंबर हा या भागातल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक, आणि बोलोन्या-फेर्रारा पट्ट्यात धुकंही दाट पडतं. पण तेव्हा नव्या ऑलिव्हचं तेल निघतं, खोल्या स्वस्त मिळतात आणि चर्चमध्ये तुम्ही एकटे असता. थंडी-पावसाची तयारी असेल तर मी नोव्हेंबरला नाही म्हणणार नाही.

२. गावं निवडताना रात्री मोजा

पहिल्या खेपेला दहा-बारा रात्री असतील तर चार मुक्काम पुरे. रोमला उतरायचं आणि बोलोन्या किंवा मिलानहून परतायचं असं विमानाचं तिकीट काढलं, तर मागे फिरण्यात दिवस जात नाही. मी सुचवीन तो क्रम असा: ओर्व्हिएतो दोन रात्री, पेरूजा तीन (तिथूनच असिसी), सिएना तीन (तिथूनच सान जिमिन्यानो), बोलोन्या तीन (तिथूनच राव्हेन्ना आणि जमलं तर फेर्रारा). रोम-फ्लॉरेन्स बघायचंच असेल तर दिवस वाढवा, या यादीतल्या रात्री कापू नका.

सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर गावाची उंची आणि स्टेशनची जागा नकाशावर बघून घ्या. ही बहुतेक गावं डोंगरमाथ्यावर आणि रेल्वे खाली खोऱ्यात. ओर्व्हिएतोला स्टेशनसमोरूनच दोरीवर ओढली जाणारी छोटी रेल्वे वर नेते. पेरूजात २००८पासून मिनीमेट्रो आहे, शिवाय डोंगराच्या पोटातून वर जाणारे सरकते जिने आहेत. सिएनाच्या स्टेशनसमोरूनही असेच सरकते जिने वर चढतात. असिसीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे, तिथून बस. सान जिमिन्यानोला तर रेल्वेच नाही, पोज्जिबोन्सी स्टेशनवरून बस धरावी लागते. हा सगळा पत्ता मला सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे लागला, नाहीतर मी बॅग ओढत चढच चढत बसले असते.

३. व्हिसा

इटलीचा अल्पमुदतीचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून एकच चालणारा) व्हिसा लागतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, निर्णय वकिलातीचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी तो पोचलेला असावा लागतो. कागदावर निर्णयाची मुदत १५ दिवसांची, पण ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. दिवाळीसाठी भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून गणपतीच्या आधीच अर्ज देऊन मोकळे व्हा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. केंद्राचा सेवाआकार वेगळा.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत
- भरलेला, सही केलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे फोटो
- प्रवास विमा, किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण
- बँकेची अलीकडच्या महिन्यांची शिक्का मारलेली विवरणपत्रं आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र, व्यवसाय असेल तर नोंदणीचा कागद, निवृत्त असाल तर पेन्शनचा
- दिवसागणिक कार्यक्रम सांगणारं पत्र
- मुलं असतील तर जन्मदाखला आणि दोन्ही पालकांची संमती

केंद्राच्या संकेतस्थळावरची ताजी यादी यावर ताडून बघा, त्यात बारीक बदल होत असतात.

अर्ज अडकतो तो बहुतेकदा पैशांवरून नाही, तारखांवरून. पत्रात १४ तारखेला सिएना, आरक्षणात १५ला, विमा १३पर्यंतचा, असा घोळ असेल तर वाचणाऱ्याला शंका येणारच. सगळे कागद टेबलावर पसरून एकेक रात्र जुळवा. आणि फुकट रद्द होणारी खोली व्हिसा हातात येण्याआधी रद्द करू नका.

युरोपच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. विमानतळावर रांग लांबू शकते. उतरल्यावर लगेचची रेल्वे पकडायच्या बेताने महागडं तिकीट काढून ठेवू नका.

४. खोली घेताना

जुन्या तटाच्या आत राहा. स्टेशनजवळ खोली थोडी स्वस्त पडते, पण मग संध्याकाळी सातनंतर गावात बसायचं सुख गेलं, आणि तेवढ्यासाठीच तर आपण रात्र काढतोय.

विचारायच्या गोष्टी: लिफ्ट आहे का, कितवा मजला, आणि हीटिंग चालू असेल का. इटलीत इमारती तापवण्याच्या तारखा हवामानाच्या पट्ट्याप्रमाणे नियमाने ठरलेल्या असतात. बोलोन्या आणि पेरूजात साधारण १५ ऑक्टोबरपासून, फ्लॉरेन्ससारख्या त्यामानाने उबदार ठिकाणी १ नोव्हेंबरपासून. त्याआधी थंडीची लाट आली तर दगडी भिंतींच्या खोलीत रात्री हुडहुडी भरते आणि मालकाला बोलून उपयोग नसतो. जास्तीची रजई मागून घ्या. मजल्यांची गंमत आपल्यासारखीच, तळमजला शून्य. फक्त जुन्या वाड्यांत मध्ये एखादा पोटमजला असतो, त्यामुळे दुसरा म्हटलेला मजला पायांना तिसरा वाटतो.

मुक्कामाचा पर्यटन कर माणशी, दर रात्रीचा, खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त द्यावा लागतो. पुष्कळ घरमालक तो रोख मागतात.

५. रेल्वे, बस आणि भाड्याची गाडी

वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त. प्रादेशिक गाड्यांना मात्र ठरलेला दर असतो, आयत्या वेळी काढली तरी तेवढेच पैसे. या गावांसाठी मुख्यतः प्रादेशिक गाड्याच लागतात, तेव्हा महिनाभर आधी तिकिटांच्या मागे लागू नका.

सापळा असा: प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. मोबाइलवरचं तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी त्यावर चेक-इन करावं लागतं. पैसे भरून काढलेलं तिकीट असलं तरी हे केलं नाही तर दंड होतो, आणि परदेशी असल्याची सबब चालत नाही.

संप हा तिथल्या ऋतुचक्राचाच भाग आहे, शरदात तर नक्कीच. तो आधी जाहीर होतो. प्रवासाच्या आठवड्यात 'शोपेरो' हा शब्द शोधून बघायची सवय ठेवा. कामाच्या दिवशी रेल्वेचा संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत काही गाड्या कायद्याने चालवाव्याच लागतात. अडकलात तर याच वेळांत निसटा.

बसच्या वेळापत्रकात 'फेरियाले' लिहिलेल्या गाड्या सोमवार ते शनिवार धावतात, 'फेस्तीव्हो' लिहिलेल्या रविवारी आणि सुट्टीला. रविवारी लहान गावातून परतीची बस जवळजवळ नसतेच, त्यामुळे सान जिमिन्यानो रविवारी ठेवू नका. फ्लॉरेन्सहून सिएनाला जायला रेल्वेपेक्षा बस बरी, ती थेट वर गावात सोडते.

गाडी भाड्याने घ्यायचा मोह टस्कनीचे फोटो बघून होतोच. घ्या, पण दोन दिवसांपुरती, आणि फक्त खेड्यापाड्यांसाठी. आपल्या लायसन्ससोबत आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जुन्या शहरांच्या आत झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतुकीचे भाग असतात. तिथे फाटक नसतं, पोलीस नसतो, फक्त कॅमेरा असतो. तुम्हाला कळतही नाही आणि काही महिन्यांनी घरी दंडाची नोटीस येते. वर भाड्याची कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल वेगळी फी कापते. गाडी तटाबाहेरच्या वाहनतळावर लावायची आणि आत चालत जायचं, याला पर्याय नाही.

६. दिवस कसा लावायचा

चर्चेस सकाळी उघडतात, साडेबाराच्या सुमाराला पुष्कळशी बंद होतात आणि तीन-साडेतीनला पुन्हा उघडतात. मोठी कॅथीड्रल दिवसभर उघडी असतात. सरकारी संग्रहालयं बरीचशी सोमवारी बंद, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. फुकट म्हणजे गर्दी, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून सकाळी आधी लहान चर्चेस आणि भित्तिचित्रं. दुपारी बारा ते तीन जेवण, गल्ल्या, तट, मोठं कॅथीड्रल. तीननंतर जे बाहेरून बघायचं ते, कारण शरदातलं तिरपं ऊन दगडावर आणि विटांवर तेव्हाच पडतं. मनोऱ्यावर चढायचं असेल तर शेवटच्या प्रवेशाची वेळ बघा. बंद होण्याच्या वेळेपेक्षा ती बरीच अलीकडे असते.

खिशात एक-एक युरोची नाणी ठेवा. अंधाऱ्या चर्चमध्ये चित्रापाशी एक पेटी असते, तिच्यात नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. त्या वेळात छोट्या दुर्बिणीने छतापर्यंतचं सगळं बघून घ्यायचं. दुर्बीण घेऊन जा, हा या लेखातला सगळ्यात मोलाचा सल्ला समजा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. प्रार्थना चालू असेल तर मागे बसून राहा, हिंडू नका.

७. भिंती वाचायला शिका

वास्तुकलेचं पुस्तक पाठ करून जायची गरज नाही. तीन-चार खुणा कळल्या तरी गाव बोलायला लागतं.

पहिली खूण कमान. अर्धगोल कमान, जाड भिंती, लहान खिडक्या म्हणजे बहुधा ११वं-१२वं शतक. टोकदार कमान म्हणजे त्यानंतरची गॉथिक पद्धत. पुन्हा अर्धगोल कमानी, पण आता मोजून-मापून, डावी-उजवी बाजू एकसारखी, म्हणजे १५व्या शतकापासूनचा रेनेसान्स. एकाच भिंतीत टोकदार कमान बुजवून तिच्यात चौकोनी खिडकी काढलेली दिसली, की घराने तीन पिढ्या नाही, तीन युगं बघितली आहेत असं समजा.

दुसरी खूण भिंतीतली ओळीने असलेली चौकोनी भोकं. ती तोफेची नाहीत, पक्ष्यांसाठी मुद्दाम केलेलीही नाहीत. बांधताना परांचीचे वासे त्यांत रोवलेले असत. पुढे दुरुस्तीला लागतील म्हणून तशीच ठेवली. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं भिंतीवर रंगवली. त्यातल्या सुखी शहरात एका घराचं काम चालू आहे, गवंडी परांचीवर उभे आहेत. ते चित्र बघून बाहेर आलात की गावातलं प्रत्येक भोक ओळखीचं वाटतं.

तिसरी खूण साहित्य. बोलोन्या विटांचं, कारण सखल मैदानात दगड नाही. असिसी सुबासियो डोंगराच्या फिकट गुलाबी दगडाचं. ओर्व्हिएतो ज्या ज्वालामुखीय खडकावर उभं आहे, त्याच खडकातून कापून काढलेलं. खाली पोकळ्या, वर घरं.

चौथी खूण अपुरेपणा. पैसा संपला, साथ आली, राज्य बुडालं, की काम थांबलं आणि तसंच राहिलं. सिएनाला आपलं कॅथीड्रल इतकं वाढवायचं होतं की आत्ताची अख्खी इमारत नव्याची आडवी बाजू ठरली असती. १३३९मध्ये काम काढलं, १३४८मध्ये प्लेग आला. आज कॅथीड्रलशेजारी छत नसलेल्या उंच भिंती उभ्या आहेत. त्यातल्या दर्शनी भिंतीवर चढता येतं. गर्दीच्या मनोऱ्यापेक्षा मला तिथून दिसणारं सिएना जास्त आवडतं.

८. त्या त्या गावात

*ओर्व्हिएतो.* कॅथीड्रलचं काम १२९०मध्ये सुरू झालं. त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे उतरत्या दुपारीच जा. सोनेरी मोझाइक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेली चित्रं, तेव्हा पेटतात. खालच्या पट्टीतले संगमरवरी कोरीव देखावे हाताच्या अंतरावर आहेत, तिथे वेळ द्या. आत चित्रकार सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ दरम्यान रंगवलेला जगाच्या अंताचा भाग आहे. कबरीतून सांगाडे वर येताहेत, त्यांच्यावर मांस चढतंय.

मग सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७मध्ये रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट पळून या गावात आला आणि वेढा पडला तर पाणी कुठलं या धास्तीने त्याने विहीर खणायला लावली. खोली पन्नास मीटरच्या वर. भिंतीतून दोन वळणदार जिने एकमेकांत गुंफलेले, प्रत्येकी २४८ पायऱ्या. खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, वाटेत समोरासमोर गाठ पडायची नाही. लिंबची बारा मोटेची विहीर बघून भारावलेल्या माणसाने इथे तासभर काढावा. गुडघे दुखत असतील तर वरूनच डोकवा, खाली लिफ्ट नाही.

*पेरूजा.* ओर्व्हिएतोच्या त्या विहिरीचा वास्तुकार धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो. त्याचंच आणखी एक काम इथे आहे, आणि ते सुंदर नाही, भयंकर आहे. मिठावरच्या करावरून पेरूजाने पोपशी लढाई केली आणि हरलं. १५४०मध्ये पोप तिसऱ्या पॉलने शहराच्या डोक्यावर किल्ला बसवला. विरोधक बाल्योनी घराण्याचा अख्खा मोहल्ला पाडून, वर कमानी टाकून, किल्ल्याच्या पायात गाडला. १९व्या शतकात लोकांनी किल्ला फोडला, खालचा गाडलेला रस्ता मात्र उरला. आज सरकते जिने त्याच रस्त्यातून वर जातात, लोक भाजीच्या पिशव्या घेऊन त्या घरांच्या दारांवरून रोज जातात. रोक्का पाओलीना असं त्याचं नाव. धडाधड वर जाऊ नका, मध्ये उतरून गल्लीत फिरा. तिकीट नाही.

*असिसी.* एकावर एक अशी दोन चर्चेस, १२२८मध्ये सुरुवात. आधी खालचं अंधारं, मग वरचं उजळ, याच क्रमाने बघा. वर संत फ्रान्सिसच्या आयुष्याचे २८ प्रसंग आहेत, परंपरेने चित्रकार जोत्तोचे मानलेले. २६ सप्टेंबर १९९७च्या भूकंपात वरच्या छताचा भाग कोसळून चार माणसं गेली. पडलेल्या चित्रांचे हजारो तुकडे वेचून पुन्हा जुळवले गेले. दारापाशी मान वर केली तर जिथे तुकडे सापडले नाहीत त्या जागा दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

*सिएना.* कांपो चौक उतरता, शिंपल्यासारखा, विटांचा. पांढऱ्या रेघांनी त्याचे नऊ भाग केलेत, कारण तेव्हा नऊ जणांचं मंडळ राज्य करत होतं. सकाळी लवकर जा आणि विटांवर बसा. घरांच्या कोपऱ्यांवर गोगलगाय, हंस, कासव अशा फरशा दिसतील. त्या १७ मोहल्ल्यांच्या हद्दी आहेत, आणि पालियोची घोड्यांची शर्यत यांच्याच जिवावर चालते.

*सान जिमिन्यानो.* चौदाएक मनोरे उरलेत. घराण्याघराण्यांतल्या चढाओढीचं ते फळ. दुपारी बारा ते चार इथे फक्त आइस्क्रीमच्या रांगा बघायला मिळतात. पहिली बस पकडा, किंवा राहाच.

*बोलोन्या.* पावसाचे दिवस इथे ठेवा. शहरात मैलोगणती छपराखालच्या कमानी आहेत, छत्रीविना दिवस काढता येतो. १२८८च्या नियमाने नव्या घराला कमानीची ओसरी काढणं सक्तीचं झालं, आणि ती घोडेस्वार जाईल इतकी उंच हवी. आधीच्या लाकडी ओसऱ्याही थोड्या उरल्यात, स्त्रादा माज्जोरेवरच्या कासा इझोलानीचे उंच ओक खांब बघा. सान लुका टेकडीपर्यंत ६६६ कमानींची वाट चढते, पाऊण-एक तास धरा. दोन कलत्या मनोऱ्यांपैकी गारिसेंदा धोकादायक झाल्याने ऑक्टोबर २०२३पासून दोन्ही बंद केले. चढायला मिळेल असं धरून जाऊ नका.

सान पेत्रोनियो चर्चच्या दर्शनी भागाला खाली संगमरवर, वर उघड्या विटा. हाही अपुरेपणाच. आत जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने १६५५मध्ये आखलेली मध्यान्हरेषा आहे. छतातल्या भोकातून उन्हाचा ठिपका येतो आणि सूर्य डोक्यावर आला की रेषेवरून सरकतो. घड्याळं मागे जाण्याआधी हे दुपारी एकच्या सुमाराला घडतं, नंतर बाराच्या. निरभ्र दिवस निवडा आणि चर्च त्या वेळी उघडं आहे का ते आदल्या दिवशी दारावर बघून ठेवा.

*राव्हेन्ना.* बोलोन्याहून प्रादेशिक गाडीने सव्वा तासाच्या आसपास. बाहेरून साध्या विटांच्या इमारती, कुणी ढुंकूनही बघणार नाही. आत पाचव्या-सहाव्या शतकातलं मोझाइक. गाल्ला प्लाचीदियाच्या समाधीत प्रवेशाची वेळ ठरवून घ्यावी लागते आणि आत मोजकीच मिनिटं मिळतात. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग निळं आकाश आणि चांदण्या उगवतात. त्यानंतर ५४७मध्ये पूर्ण झालेलं सान व्हितालेचं अष्टकोनी चर्च. उलट क्रमाने बघितलंत तर समाधी फिकी वाटेल.

९. शाकाहारी माणसाने काय खायचं

उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' (मांस नको, मासे नको) एवढं पुरत नाही. 'सेन्झा ब्रोदो दी कार्ने' हेही म्हणा, कारण भाजीच्या सूपमध्ये आणि रिसोत्तो या भाताच्या पदार्थात मांसाचं पाणी सर्रास असतं. राव्हेन्नाकडच्या पियादिना पोळीत डुकराची चरबी घालायची पद्धत आहे. तेलातली मागा. बोलोन्याच्या ताज्या पास्त्यात अंडं असतंच. सिएनाकडचा जाड 'पिची' मात्र बहुधा पीठ-पाण्याचा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी ते वरून न घालण्याबद्दल सांगावं.

शरदाचं खाणं मात्र आपल्या बाजूचं आहे: पोर्चीनी आळंबी, भोपळा, भाजलेले चेस्टनट, चेस्टनटच्या पिठाचा अंडं-साखर नसलेला 'कास्तान्याच्चो', नोव्हेंबरात भाजलेल्या पावावर हिरवंगार नवं तेल. पाव अळणी असतो, टस्कनी-उंब्रियात तसाच करतात. मीठ मागून घ्या. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे युरो लागतात, ती फसवणूक नाही. दुपारचं जेवण अडीचनंतर मिळत नाही आणि रात्रीचं साडेसातच्या आत सुरू होत नाही, म्हणून पिशवीत चिवडा-लाडू असू द्या.

१०. बॅगेत

- तळ घट्ट असलेले, पाण्यात न घसरणारे, आधी वापरून रुळवलेले बूट. ओले दगडी उतार गुळगुळीत असतात
- एका हाताने उचलता येईल एवढीच बॅग. चाकं फरशीच्या दगडांवर चालत नाहीत
- थरांचे कपडे आणि पावसाळी जॅकेट. गल्लीतल्या वाऱ्यात छत्री उलटी होते
- दुर्बीण, युरोची नाणी, पाण्याची बाटली. चौकातल्या नळावर 'नॉन पोताबिले' लिहिलं नसेल तर ते पाणी पितात
- दोन वेगवेगळी कार्डं. यंत्राने रुपयांत की युरोत विचारलं तर युरोच निवडा, रुपयांत दर वाईट लागतो
- पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याची छायाप्रत, मूळ कागदांपासून वेगळ्या पिशवीत